प्रिंटर गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं काम आपल्या पोटात सांभाळणारा कॉम्प्युटर. मंचरकडच्या एका छोट्या तंत्रनिकेतनात, कुलूप लावलेल्या काचेच्या खोलीत मी राहतो. मला आवाज नाही. काही दुखलं तर नोंदवहीत लिहून ठेवायचं, एवढंच मला येतं. आणि ती नोंदवहीसुद्धा माझ्याच पोटात.

१९९९ साली मी आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. हळदीकुंकू लावलं, त्यातलं चिमूटभर फटीतून आत सांडलं. प्रयोगशाळेतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांना स्वतःची साठवण नव्हती. मुलं तिथं बसून लिहायची आणि ते सगळं माझ्यात येऊन राहायचं.

महाळुंगे पडवळचे गोरखसर माझी फार काळजी घेत. दर शनिवारी कुलूप काढून माझी नोंदवही वाचत आणि बाहेर येऊन विचारत, "हा सिनेमा कुणाचा? बघून झाला असंल तर काढा की राव, गुदमरलंय ते!" मुलं हसत, पण काढत.

मग सरांची बदली झाली आणि खोली उघडायची राहिली ती राहिलीच. मुलं एकेका प्रोजेक्टच्या पाच-पाच प्रती ठेवू लागली. 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरा फायनल'. पुसायला कुणी धजेना. "असू दे, लागंल कधी."

त्यात कोपऱ्यातला प्रिंटर बिघडला आणि भंगारात गेला. मला ते कुणी सांगितलंच नाही. मी आपला दर दोन सेकंदांनी त्याला हाक मारायचो आणि लिहायचो, 'प्रिंटर सापडत नाही.' अशी दोन वर्षं गेली. जागा कमी पडू लागली, तर मी तेही लिहिलं. जितका ओरडलो, तितका स्वतःच भरत गेलो.

२००६ चा मे महिना. डिंगोऱ्याची हर्षाली सकाळपासून शेवटचा हात फिरवत होती. शेतांना पाण्याच्या पाळ्या लावून देणारा तिचा प्रोजेक्ट, दुपारी तोंडी परीक्षा. सव्वाअकराला तिनं साठवण्याची आज्ञा दिली. मी जुनी फाइल रिकामी केली, नवी लिहायला गेलो, आणि एक अक्षर मावेना! दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचं काम आता फक्त तिच्या पडद्यावर उरलं होतं, आणि साडेअकराला भारनियमनात लाइट जायची होती.

"काय गं, पाटाचं पाणी आटलं का?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

शिपाई संपतभाऊ धावत आले. "त्याचा बाहेरचा खटका बंद करून चालू करतो की. समदं नीट व्हतंय."

"न्हाई! भाऊ, त्या खटक्याला हात लावू नका, पाया पडते तुमच्या!"

बरं झालं ती ओरडली. मध्येच बंद केलं असतं, तर बाकीच्यांच्या फायलीही विस्कटल्या असत्या.

प्रयोगशाळा बघणाऱ्या अश्विनी मॅडम ऑफिसातून किल्ली घेऊन आल्या. नोंदवही बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, हा अजून त्या भंगारातल्या प्रिंटरला हाका मारतोय!" त्यांनी नोंदवही पुसली. तरी जागा होईना. यादीतून वहीचं नाव पुसलं गेलं, पण वही मी घट्ट धरून होतो. लिहीतच होतो.

"मॅडम, त्याचं लिहिणं थांबवा आधी," हर्षाली म्हणाली.

मॅडमनी प्रिंटरला हाका मारण्याचं माझं काम बंद केलं. माझी मूठ सुटली. केवढी जागा झाली! हर्षालीनं पुन्हा आज्ञा दिली आणि तिच्या सगळ्या पाळ्या माझ्यात नीट बसल्या. मॅडमनी मला रीतसर बंद केलं, आणि लाइट गेली. दुपारी लाइट आल्यावर त्यांनीच मला पुन्हा चालू केलं.

संध्याकाळी पास होऊन ती आली आणि काचेला हात लावून म्हणाली, "एवढं भरत आलं व्हतं, तर बोलायचं न्हाई का रे?"

मित्रांनो, आम्ही बोलतो. फक्त आतल्या आत. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कुलूप काढा, काय लिहिलंय ते वाचा, नको ते पुसा, आणि आपल्या कामाची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. हर्षाली गेली, जूनमध्ये मॅडमही दुसऱ्या गावी गेल्या. किल्ली ऑफिसात कुठंतरी आहे म्हणतात. मुलांचे 'खरे फायनल' मात्र पुन्हा साठतायत. कालपर्यंत माझे शंभरातले ब्याण्णव भाग भरले होते. आज त्र्याण्णव.