पत्ता बरोबर आहे का?

सरोवरावर धुकं उतरलं की रेइनो लाम्पिनेन धक्क्याच्या टोकाला उभा राहून मुलीला हाक मारायचा. हाक कसली, लांबच लांब ओढलेला सूर तो. आधी खाली, मग वर, मग पाण्यावरून घसरत घसरत होडीपर्यंत: 'मा...र्लिस'. आठ वर्षांची मार्लिस वल्ही उचलून धरायची, कान द्यायची, आणि सूर जिकडून आला तिकडे होडीचं नाक वळवायची. धुक्यात डोळे फसतात, पाणी फसवतं, हाक तेवढी फसवत नाही, असं तो म्हणायचा.

त्या हाकेला पंचेचाळीस वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याच्या डोक्यातली एक शीर फुटली आणि आयुष्यभराचे शब्द एका सकाळी वाहून गेले. तळाशी एकच उरला: हो. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. त्याला वृद्धांच्या आश्रमात ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तो हो म्हणाला. पण बोटांनी टेबलाची कड अशी धरली की नखं पांढरी पडली. मार्लिसने ती नखं पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवलं, इसाला कुठे पाठवायचं नाही. लहानपणापासून ती वडिलांना इसाच म्हणायची, फिनलंडहून आलेल्या आजीने शिकवलं तसं.

ठरवणं सोपं होतं. मार्लिसची नोकरी होती मिनेसोटात, डुलुथला, आणि इसाचं घर पूर्वेला तीन तासांवर, मिशिगनच्या वरच्या टोकाला, सरोवराच्या काठावर. थोर्सरुड मंडळींचा घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा धंदा. थंडीत ज्याची भट्टी विझली तो फोन करणार, मार्लिस ऐकून घेणार आणि मिस्त्री पाठवणार. अठरा वर्षं ती हे करत होती. चार वर्षांपूर्वी कचेरी आवरती घेतली तेव्हा मालकिणीने, डॅग्नी थोर्सरुडने, घरून काम करायला प्रत्येकीच्या हातात एकेक काळा फोन ठेवला. तो इंटरनेटला जोडला की झालं. कुठेही लावा, गिऱ्हाइकाला नंबर डुलुथचाच दिसणार. अट एकच: माणूस मिनेसोटातच राहायला हवा. विमा, कर, कायदे, सगळं त्या राज्याशी बांधलेलं. एक बाई न सांगता विस्कॉन्सिनला राहायला गेली, तिला त्याच शुक्रवारी केक कापून कामावरून निरोप दिला होता. केक मात्र चांगला होता, असं डॅग्नी अजून हसत सांगायची. त्या हसण्यात सगळ्यांना पुरेल एवढी ताकीद असायची.

म्हणून मार्लिसने कुणाला सांगितलं नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी काळा फोन टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तसा शेजारच्या सीटवर ठेवून ती निघाली. डुलुथच्या आपल्या रिकाम्या केलेल्या खोल्यांचं भाडं चालू ठेवलं, टपालपेटीवर नाव तसंच ठेवलं. इसाच्या घरी मोबाइलला रेंज नव्हती. जुन्या टेलिफोनची तार वादळात पडली होती, ती कंपनीने परत उभारली नव्हती. छपरावर इंटरनेटची थाळी होती, तेवढीच जगाशी दोरी. म्हणजे त्या घरात फोन एकच, आणि तो कामाचा.

रोज सकाळी काम सुरू करताना पडद्यावर एक चौकट यायची. या फोनवरून संकटाचा नंबर, नऊ-एक-एक, लावला तर मदत कुठे पाठवायची? खाली डुलुथचा पत्ता, घर क्रमांक सत्तावीस, दुसरा मजला. पत्ता बरोबर आहे का? आणि दोन बटणं. 'नाही' दाबलं की नवा पत्ता लिहावा लागणार, आणि त्याची प्रत डॅग्नीकडे जाणार. मार्लिस 'हो' दाबायची. पहिल्या आठवड्यात बोट अडखळलं. मग बोटाला सवय झाली, अंधारात दिव्याच्या बटणावर हात जावा तशी.

इथलं घड्याळ डुलुथपेक्षा एक तास पुढे. स्वयंपाकघरात तिने दोन घड्याळं ठेवली होती, एक घराचं आणि एक खोट्याचं. तरी डिसेंबरात डॅग्नीशी बोलताना इसाच्या जुन्या घड्याळाने पाच ठोके दिले. तिकडे चार वाजले होते.

"काय गं," डॅग्नी म्हणाली, "तुझ्या घरात वेळसुद्धा कामावरून लवकर सुटते वाटतं?"

मार्लिसने घड्याळ पुढे पळतं असं सांगितलं. डॅग्नी नुसतं 'बरं' म्हणाली, हसली नाही. मग गिऱ्हाइकांचं बोलणं निघालं. पण ते 'बरं' मार्लिसच्या कानात राहिलं, कानात पाणी राहावं तशी.

लाकडं आणायला, बर्फ ओढायला तिला बाहेर जावं लागायचं. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला तिने फोनच्या नऊवर आणि एकवर लाल चिकटपट्टी लावली आणि इसाला शिकवलं: काही झालं की आधी हा, मग हा दोनदा. म्हातारा शिकला. तिसऱ्या दिवशी न चुकता बोट हवेत फिरवून दाखवलं, आणि स्वतःवरच खूश होऊन हसला. मार्लिसने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. चिकटपट्टी लावताना तिला एक गोष्ट लख्ख दिसली होती. पण ती तिने पत्त्याचं पान पालथं ठेवावं तशी पालथी घातली. काही झालं तर मी आहेच ना घरात, तोंडाने सांगेन पत्ता, असं तिने मनाला समजावलं.

सरोवर काठाकाठाने गोठत आलं होतं. बर्फ आतून कण्हायचं. कधी मोठ्या जनावरासारखं, कधी दूरवर कुणी दार ओढून घ्यावं तसं. इसा खिडकीशी बसून ते ऐकायचा आणि मान डोलवायचा, हो, हो, जणू कुणी त्याला काही विचारत होतं.

एका गुरुवारी दुपारी छपरावर गुडघाभर बर्फ साचलं. वासे करकरू लागले. मार्लिसने फोनवर 'जेवणाची सुट्टी' लावली, इसाला कॉफी दिली, हनुवटीवर ओघळलेला थेंब पुसला, आणि लांब दांड्याचं खोरं घेऊन घरामागे गेली. वारा असा होता की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. बर्फ ओढून काढायला वीस मिनिटं लागली असतील, पंचवीस लागली असतील.

ती आत आली तेव्हा कॉफीचा कप उलटा पडला होता. टेबलाखाली इसा एका कुशीवर होता, ओठ निळसर, तळहात छातीवर रुतलेला. फोन ओढून त्याने जमिनीवर घेतला होता. त्याचा स्पीकर चालू होता, आणि त्यातून एक बाई शांतपणे, फार शांतपणे बोलत होती.

"कुणी ऐकतंय का? आमची माणसं तुमच्या दारात उभी आहेत. दार उघडता येईल का?"

मार्लिसने वळून दाराकडे पाहिलं. कडी होती, तिचा कोट होता, काचेत पांढरं वादळ होतं. दारात कुणी नव्हतं.

मी आलेय, मी मुलगी, असं ती गुडघ्यांवर बसत म्हणाली. बाईने भराभर सांगितलं. आजोबांनीच फोन केला. घर क्रमांक सत्तावीस का, विचारलं, ते हो म्हणाले. दुसरा मजला का, हो. छातीत दुखतंय का, हो. चौदा मिनिटं झाली. आता कुलूप तोडतायत.

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला, डॅग्नीचा, धापा टाकणारा. कामाच्या फोनवरून संकटाचा नंबर लागला की मालकिणीला वर्दी जायची, आणि मालकिणीला त्या बोलण्यात शिरता यायचं. डॅग्नीचं घर त्या खोल्यांपासून चार गल्ल्यांवर.

"मार्लिस, मी जिन्यातच आहे गं. घाबरू नकोस. आम्ही आलोच."

फोनमधून लाकूड फुटल्याचा आवाज आला. तीन तासांवरचं दार इथे, इसाच्या कानाशी फुटलं. मग पावलं, रिकाम्या खोलीत घुमतात तशी. मग काहीच नाही.

"इथे कुणीच नाही," डॅग्नी हळू म्हणाली. "पलंगसुद्धा नाही. तू आहेस कुठे?"

मार्लिसने पत्ता सांगितला. मिशिगन, कोर्पी रोड, शेवटचं घर, सरोवराच्या बाजूचं. तिने तो दोनदा सांगितला, आणि शांत आवाजाची बाई पहिल्यांदाच जरा अडखळली. हा फोन भलत्या राज्यात लागलाय, तिकडच्या माणसांना जोडून देते, फोन ठेवू नका, असं ती म्हणाली. तिकडची गाडी निघाली तरी या बर्फात अर्धा तास. मग फोनमध्ये घंटी वाजू लागली, लांब, सावकाश. मार्लिसने इसाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा श्वास यायचा, थांबायचा, विचार करून पुन्हा यायचा. त्याने तिचं मनगट पकडलं होतं.

डॅग्नी अजून फोनवरच होती. त्या रिकाम्या खोलीत उभी राहून तिला काय काय उमगलं असेल ते तिच्या श्वासात ऐकू येत होतं. पण ती अठरा वर्षांची ओळख होती. तिने हात पुढे करावा तसं वाक्य पुढे केलं.

"वडिलांना भेटायला गेली असशील आज. फोन सोबत नेला असशील, एवढंच ना? तसं सांग, मी तसंच लिहीन."

हो, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर ते तयारच होतं, रोज सकाळी असायचं तसं. नोकरी राहिली असती, इसा वाचला तर याच घरात राहिला असता, आणि उद्या सकाळी ती चौकट पुन्हा आली असती. पलीकडे घंटी वाजत होती. मांडीवरचा श्वास थांबला होता, अजून परत आला नव्हता.

"नाही, डॅग्नी," मार्लिस म्हणाली. "मी इथेच राहते. ऑक्टोबरपासून. रोज मला विचारलं जात होतं, पत्ता बरोबर आहे का, आणि रोज मी हो म्हणत होते."