तळहाताएवढी उघडी फळी

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे; पण घोषणा करणारा नव्हे आणि मोबाइलला जोडून गाणी ऐकवणारा तर मुळीच नव्हे. मी इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर. बारा इंची घेर, पाठीला जडशीळ लोहचुंबक, पुढे काळ्या कागदाचा शंकूसारखा कोन. मला स्वतःचं असं काही बोलता येत नाही. वायरीतून जसा झटका येईल तसा कोन पुढे ढकलायचा नाहीतर मागे ओढायचा, एवढंच माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं. तरीही एका घरात माझ्यापायी काय होऊन बसलं ते ऐका, आणि मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका केसाएवढ्या बारीक तारेची कॉइल गुंडाळायच्या. तोंडाने जावा-सासवांचा उद्धार चालू असायचा, पण हाताखालचा वेढा कधी चुकायचा नाही. कॉइलला कोन चिकटवला, माझ्या दोन टोकांपैकी एकाशेजारी लाल ठिपका दिला आणि झालो मी तयार. हा ठिपका तेवढा लक्षात ठेवा. ठिपक्याच्या टोकाला लाल वायर जोडली की कोन आधी पुढे येतो. उलट जोडली की आधी मागे जातो. स्पीकर एकटा असेल तर याने काडीचाही फरक पडत नाही. बिघडतं ते दोघे शेजारी असले की.

पहिली काही वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात काढली. तिथला गिटारवाला मला कापडाने पुसायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. मग त्याला नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझा कोन कुरतडला. दुरुस्तीवाल्याने नवा कोन बसवला खरा, पण तारा जोडायला डाग देताना त्याचं फोनवर मेहुण्याशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. त्या तिरीमिरीत त्याने आतल्या तारा उलट्या टोकांना लावून टाकल्या. लाल ठिपका मात्र होता तिथेच राहिला. कोणाला कळणार? आवाज तर झकास येत होता! तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात, एक मोडका पंखा आणि एक छपाईयंत्र यांच्या मधोमध येऊन पडलो.

तिथे एक दिवस एक पोरगी आली. दिवसभर छापखान्यात कागद कापायची आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायची. तिच्या संगीताला हेवी मेटल म्हणतात. शेजारचे लोक म्हणायचे, तुमच्या घरातला मिक्सर दुरुस्त करून घ्या. पण तिचा हात पक्का होता, हे मी सांगतो. बरोबर तिचे वडील होते, सुतारकाम करणारे मिस्त्री. सगळं आयुष्य करवत मशीनपाशी गेल्यामुळे कान जवळजवळ गेलेले. ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे आणि स्वतः सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे बोलायचे.

दुकानदाराने दोन नवेकोरे चकचकीत स्पीकर पुढे सरकवले. "ताई, हे घ्या. चारशे वॅट लिहिलंय. भिंती पडतील!"

"लिहायला काय जातं?" पोरगी म्हणाली. मग वडिलांकडे तोंड करून सावकाश बोलली, "बाबा, दोन नवे काही परवडायचे नाहीत. आवाजाच्या धारेसाठी एक नवा घेते आणि खर्जासाठी हा जुना. दोघे एका खोक्यात. खर्ज नसेल तर मेटल म्हणजे नुसती किरकिर."

खर्ज तिला आणखी एका कारणासाठी हवा होता. आपलं वाजवणं बाबांनी एकदा तरी ऐकावं, ही तिची एकच इच्छा. कानांनी शक्य नव्हतं, हातांनी तरी. मिस्त्रींचे हात म्हणजे काय सांगू! डोळे मिटून फळीवरून तळवा फिरवायचे आणि कुठे उंचवटा राहिलाय ते बिनचूक सांगायचे. पण मशीनच्या थरथरीने त्या हातांनाही मुंग्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, काम थांबवा, नाहीतर हातांची जाणीव जाईल. मिस्त्री त्यावर म्हणाले होते, "हात गेले तर माझं राहिलं काय?"

दुकानदाराने मला एका रिकाम्या खोक्यात बसवलं. पोरीने सगळ्यात जाड तार छेडली. मिस्त्रींनी खोक्यावर तळवा ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की दुकानदारसुद्धा वॅट विसरला.

"हाच घे!" ते ओरडले. "हाडापर्यंत आला!"

खोकं त्यांनी स्वतः बनवलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते जाड प्लाय कापत बसायचे, मधेच थांबून बोटं झटकायचे, हात काखेत धरायचे आणि पुन्हा मशीन चालू करायचे.

"पुरे करा हो आता," पोरीची आई म्हणायची. "लाकूड काय पळून जातंय?"

त्यांना ऐकू यायचं नाही, किंवा सोयीचं म्हणून यायचं नाही. खोक्यावर काळं रेक्झिन चढवलं, पण वरच्या बाजूला तळहाताएवढी फळी उघडी ठेवली. घासून घासून ती काचेसारखी गुळगुळीत केली. "ही माझी जागा," असं बायकोला सांगून ठेवलं.

पोरीने आम्हा दोघांना आत बसवलं आणि ठिपके बघून वायरी जोडल्या. लाल ठिपक्याला लाल वायर, अगदी नियमाने. मिस्त्रींनी उघड्या फळीवर हात ठेवला आणि पोरीने जाड तार छेडली. नव्याचा कोन पुढे गेला, माझा मागे. एकाने दार ढकलावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी आतून ओढून धरावं, तशी गत झाली. खर्ज आमच्यातच जिरून गेला. बाहेर पडली ती नाकात बोलल्यासारखी किरकिर. खोकं मेल्यासारखं गार.

मिस्त्रींनी तळवा दाबला. हात बदलला. मग दोन्ही तळवे टेकवले. पोरगी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. मिस्त्रींनी मान वर केली आणि हसले.

"छान," ते म्हणाले. "फार छान."

पोरीच्या कपाळाला आठी पडली होती. तिलाही आवाज पातळ लागला होताच. "खरंच, बाबा? हाताला लागतंय?"

"लागतंय की! हाडापर्यंत."

मग पोरीने स्वतःची समजूत घातली, खोली लहान आहे, खोकं नवीन आहे, होईल हळूहळू मोकळं. ओरडून सांगावंसं वाटत होतं मला! पण माझ्यातून आवाज निघतो तो दुसऱ्याचा.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री शेडमध्ये गेले नाहीत. करवत मशीन विकून टाकलं. "बास झालं आता," म्हणाले, "पोरगी कमावती आहे." पोरीला तर आनंदच झाला. "डॉक्टरांचं ऐकलंत एकदाचं!" असं ती हसत म्हणाली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. गरम चहाचा पेला ते स्वतः उचलेनासे झाले. हातांच्या मुंग्या पूर्वीपासूनच्याच होत्या, पण आता मिस्त्रींनी त्या मुंग्यांचा काय अर्थ लावला होता देव जाणे. थंडी सुरू झाली तसा छातीत कफ धरला. औषधं चालू होती, पण माणूस उठायचं मनावरच घेईना. त्याच थंडीत मिस्त्री गेले.

कित्येक महिने गिटार भिंतीला टेकून होती. एका दुपारी पोरीने ती उचलली आणि सगळा राग काढत, आवाज पूर्ण चढवून वाजवायला लागली. चारशे वॅट निव्वळ कागदावरचे. जळका वास आला, नव्याची कॉइल जळाली आणि तो कायमचा गप्प झाला.

आणि त्याच क्षणी खोली हादरली. मित्रांनो, कित्येक महिन्यांनी मला अडवणारं कोणी नव्हतं! खिडकीची तावदानं थरथरली, स्वयंपाकघरातला डबा फळीवरून खाली आला. पोरगी थिजून उभी राहिली. दोनांतला एक गेला तर आवाज कमी व्हायला हवा, वाढला कसा? तिने मागची फळी उघडली, माझ्या वायरी सोडवल्या, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्याचं अधिक टोक ठिपक्याकडे येईल असा माझ्या टोकांना टेकवला. कोन पुढे यायला हवा होता. तो मागे गेला.

"उलटा," ती पुटपुटली. "पहिल्या दिवसापासून उलटा. एकमेकांचा जोर खात होते हे."

आई ओल्या हातांनी दारात उभी होती. "काय गं हे? सगळं घर हललं."

पोरीने वायरी पुन्हा जोडल्या. "आई, इथे हात ठेव," म्हणाली आणि जाड तार छेडली.

आईने उघड्या फळीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

"हे एवढं हलतं?" ती म्हणाली. "अगं, मग ते मला असं का म्हणाले? दुकानात हाताला कळलं होतं म्हणे, घरी काहीच कळलं नाही. हे खोकं करता करता हात गेले माझे, म्हणाले. पोरीला सांगू नकोस, जन्मभर मनाला लावून घेईल."

पोरगी खोक्यावर डोकं टेकून रडली. तिची आसवं कोनापर्यंत आली नाहीत, पण हुंदके आले. तेवढं मला कळतं.

मित्रांनो, जुना स्पीकर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण त्याच्या ठिपक्यावर जाऊ नका, साधा सेल टेकवून कोन कुठे जातो ते बघा. आणि कोणी तुम्हाला छान म्हटलं, पण तुमच्या मनाला ते पटलं नाही, तर पुन्हा विचारा. समोरचा चिडला तरी विचारा.

मी आता त्या खोक्यात एकटाच आहे. ती उघडी फळी तशीच आहे, तिच्यावर पोरगी कोणाला काही ठेवू देत नाही. ती वाजवायला बसली की आई येऊन शेजारी बसते आणि फळीवर हात ठेवते. छान असं ती कधीच म्हणत नाही. "आज कमी लागतंय गं," म्हणते, नाहीतर "आज आलं, हाडापर्यंत," म्हणते. जे लागेल तेच सांगते.