बेवडा आणि कंट्रोलचा पेपर

एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. धाकटी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिचा यंत्रमानव बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली राहत होता. यंत्रमानव कसला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा! त्याला खेळण्यातली चाकं, मोडक्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी आणि पुढे उजेड ओळखणारे दोन डोळे. जमिनीवरची पांढरी पट्टी पाहत त्याने सरळ जायचं, एवढीच अपेक्षा. पण तो पट्टीच्या या अंगाला, मग त्या अंगाला झोकांड्या खात निघायचा आणि शेवटी शिलाई मशीनवर धडकायचा. इस्पितळात नर्स असलेल्या अक्काने त्याचं नावच ठेवलं, बेवडा.

धाकटी हट्टाला पेटली. पट्टी सुटली की किती जोरात वळायचं, ते ठरवणारं एक बटण होतं. बेवडा चुकला की ती ते आणखी पिळायची. तो आणखी डुलायचा. या नादात कंट्रोल नावाच्या विषयाचे तास बुडाले आणि मागोमाग पेपरही. फेरपरीक्षेतही दांडी उडाली तर वर्ष हातचं जाणार होतं. बाबांनी आवाज न चढवता बेवड्याला कपाटात घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले. "चिंध्या म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, जन्म त्यांच्यातच गेलाय. आधी पेपर."

धाकटी गाल फुगवून पुस्तक घेऊन बसली. चाळता चाळता एका आकृतीपाशी अडकली. एक रेघ वरखाली हेलकावत होती, काही केल्या स्थिर होत नव्हती. खाली लिहिलं होतं, चूक सुधारायचा जोर प्रमाणाबाहेर वाढवला की यंत्र नेमक्या जागी न थांबता पलीकडे जातं, परतताना अलीकडे जातं. तिने ते दोनदा वाचलं आणि अशी ताडकन उठली की स्टूल आडवं झालं. बेवड्याला पाजत होती ती स्वतःच!

अक्का ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिला सगळं ऐकावंच लागलं.

"म्हणजे बेवड्यापायी जे तास बुडवलेस," अक्का म्हणाली, "त्या तासांना बाई बेवड्याबद्दलच बोलत होत्या."

धाकटीने बाबांकडे किल्ली मागितली, मिनिटभरासाठी. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मग तिने पुस्तकातच बेवडा चालवला. प्रत्येक गणितात त्याची चाकं, त्याच्या मोटरी घातल्या. जी गणितं ढिम्म हलत नव्हती, ती भराभर सुटू लागली. जेवायला हाका मारून घर दमलं.

पेपर लिहिताना ती मधूनच हसली, तेव्हा पर्यवेक्षकांनी तिच्या बाकाखाली वाकून पाहिलं. घंटा झाल्यावर ती पळतच दुकानात आली. कपाट उघडं होतं. बाबांनी जमिनीवर काळं कोटाचं कापड अंथरून त्यावर पांढरी फीत टाचली होती, मधे एक झोकदार वळणही दिलं होतं. तिने बटण बरंच मागे फिरवलं. बेवडा निघाला. वळण आलं, तो हळूच वळला आणि पार दुसऱ्या टोकाला पोचला.

"शुद्धीवर आला की गं," अक्का म्हणाली.

बाबा खाली बसले, फीत उसवली आणि वळण आणखी आवळून टाचलं. "आता इथून ने बघू."

पेपर सुटला, वर्ष वाचलं. बेवड्याच्या मोटरी पुढच्या यंत्रमानवात गेल्या, तो याच्याहून उनाड निघाला. अक्का मेट्रन झाली आणि मोठमोठे डॉक्टर तिला वचकून राहू लागले. धाकटीने औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरणारी यंत्रं चालवण्यात अख्खी नोकरी काढली. बाबा तिथे एकदाच आले. सरकत्या पट्ट्यावरून वळत जाणाऱ्या बाटल्यांसमोर खुर्ची मागून घेतली आणि कारखाना सुटेपर्यंत जागचे हलले नाहीत.