विहिरीच्या काठावरचा शिलेदार

सकाळी दहाच्या सुमाराला विहिरीची एक कड ढासळली. आम्ही चौघं वर दोरावर होतो, घूस एकटाच खाली. घूस म्हणजे माझा शेजारी. सगळा जन्म विहिरी खणण्यात गेला, म्हणून हे नाव त्याला चिकटलेलं. धूळ बसली तेव्हा तो पार कमरेच्या वर गाडला गेला होता, अन् नुकत्याच फुटलेल्या झऱ्याचं पाणी त्याच्या भोवती साचायला लागलं होतं.

"पाय अडकलाय रे! ओढा मला!" त्यानं अंग हिसडलं. त्यासरशी वरून आणखी घमेलंभर मुरूम सुटला.

"हलू नकोस!" म्हातारा गवंडी ओरडला. "फळ्यांचा टेकू देऊन माती काढायला लागेल. दोन तास तरी दम धर."

पण भ्यालेला माणूस गप्प राहतोय कसला! तो धडपडायचा अन् माती सुटायची. तेवढ्यात त्याची बायको शेतातून पळत आली अन् काठाशी पालथी पडली. वहिनीला कादंबऱ्यांचं भारी वेड. तलवारी, घोडी, किल्ले, कैदेतल्या राजकन्या. वाचता वाचता दूध उतू जायचं अन् नवराबायकोची जुंपायची.

"अहो, माझ्याकडे बघा. एक शिलेदार होता..."

"तुझी ती घोड्याची पुस्तकं? आत्ता? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. ऐका तरी."

अन् ती सांगायला लागली. सरदाराची लेक शत्रूच्या गडावर कैदेत. उद्या सूर्य उगवला की तिचा कडेलोट. शिलेदारानं पुराच्या नदीत घोडं घातलं.

"पुरात घोडं? येडाच आहे!" खालून आवाज आला.

"तिच्यासाठी घातलं हो. मग कड्यावरून दोर सोडला."

"भिजलेला दोर? गाठ सरकेल की."

"दुहेरी मारली होती त्यानं."

"मग ठीक," घूस म्हणाला. अन् मी पाहिलं, तो हलायचा थांबला होता.

गवंडी अन् एक गडी फळ्या घेऊन खाली उतरले, एक दोर त्याच्या काखेखालून बांधला. घमेली वर यायला लागली. पाणी घुसच्या खांद्याला टेकलं. त्याचे ओठ निळे पडले.

"तुला काय मिळतं गं त्या पुस्तकांत?" त्यानं एकदम विचारलं.

वहिनीनं काठावरून आणखी खाली मान घातली. "दिवसभर मी खुरपते, शेण काढते, भांडी घासते. माझ्यासाठी कुणी कुठून धावत येत नाही. त्यात येतं."

दोर तेवढा करकरत होता.

"पुढं सांग," तो हळूच म्हणाला.

वाचनालय सांभाळणारे मास्तर माझ्या शेजारी उभे होते. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पुस्तकात शेवटच्या दरवाजात बाण लागतो शिलेदाराला. तिथंच मरतो तो."

वहिनी त्याच दरवाजाशी येऊन अडली होती. पाणी घुसच्या हनुवटीला लागलं होतं.

"काय झालं? पोचला का तो? खरं सांग!"

"बाण सुटला," वहिनी म्हणाली. तिनं खाली पाण्याकडे पाहिलं. मग ती ओरडलीच, "पण खाली वाकला तो! वरून गेला बाण! दरवाजा फोडला त्यानं, तिला घोड्यावर घेतलं..."

"निघाला! पाय निघाला!" खालून गवंड्याची आरोळी आली. आम्ही दोराला जीव खाऊन हिसका दिला.

त्याला वर काढून बाजेवर घातलं. पाय मोडला होता, दात वाजत होते. गाडीकडे नेताना त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं.

"लग्न झालं का गं त्यांचं?"

वहिनीचा घसा पार बसला होता. मास्तर काही बोलायला पुढं झाले, तसा मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"झालं," वहिनी कशीबशी म्हणाली, अन् बाजेचा दांडा धरून चालायला लागली.