वर बघणारं कार्ड

कपडा उसवायला घेण्याआधी त्याचे खिसे चाचपायचे, ही शिवणकाम करणाऱ्या बाईंची जुनी सवय. लोकांच्या खिशांत काय काय सापडतं! किल्ल्या, चिल्लर, एकदा तर एका भल्या गृहस्थाची कवळीच निघाली होती. त्या दिवशी मात्र एका शाळकरी पँटच्या मागच्या खिशातून त्यांचा मेलेला मुलगा निघाला.

धुण्यात भिजून कडा फुगलेलं कार्ड होतं. दोन्ही हात वर, तोंड अर्धवट उघडं, नजर उंच कुठंतरी खिळलेली. चेंडू चित्रात नव्हता, गोलचा खांबही नव्हता. पण खांब उजवीकडे वीतभरावर आहे आणि आता पोराचं डोकं त्यावर आपटणार आहे, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. तो गेला त्या दिवशी त्या मैदानातच बसल्या होत्या.

मुलगा गोलकीपर होता. आडव्या दांडीला चिकटल्यासारखा चेंडू अडवायचा, म्हणून प्रेक्षक त्याला 'पाल' म्हणत. बाईंना आधी आधी फार राग यायचा. पुढं त्या स्वतःच "ए पाल, सोडू नकोस!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायला लागल्या.

तेव्हा पोरं जमवतात ती खेळाडूंची कार्डं चारपाच ठिकाणी छापली जायची. त्यांतला एक छापखाना बाईंच्याच गल्लीच्या टोकाला होता. छापखानेवाले काका दर हंगामाआधी घरी यायचे, फोटो पुढं ठेवायचे आणि विचारायचे, "वहिनी, हा चालेल ना?" पालचा एक हसरा फोटो त्यांनी स्वतः काढलेला होता, ओल्या केसांचा. पोरगा गेल्यावरही ते कार्ड निघत राहिलं. त्या वेळीही काका आधी विचारायला आले होते, आणि होकार मिळाल्यावर दारातूनच डोळे पुसत परत गेले होते.

मग संघांच्या मंडळानं आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून सगळ्यांचे चेहरे एका कंपनीला देऊन टाकले. एकाच कंपनीला. बाकी कुणी छापायचं नाही, जिवंतांचे नाहीत आणि मेलेल्यांचेही नाहीत. काकांना नोटीस आली. ते औषधांची खोकी छापू लागले. कंपनीनं 'अखेरचा क्षण' अशी मालिका काढली आणि ती हातोहात खपली.

दुकानाच्या काचेत, बसथांब्यावर, पोरांच्या हातात, जिकडंतिकडं पाल वर बघत उभा राहिला. बाई रस्ता बदलून जाऊ लागल्या. पण रस्ता बदलता येतो, गिऱ्हाइकांचे खिसे कसे बदलणार? कार्ड घरातच येऊ लागलं. दप्तराच्या अस्तरात निघे, कोटाच्या आतल्या कप्प्यात निघे. हळूहळू बाईंना शिवता शिवता वाटू लागलं, की मागं कुणीतरी हात वर करून उभं आहे. यंत्र थांबवून त्या वळायच्या. मागं भिंत असायची, भिंतीवर मोजपट्टी. मग नकळत त्यांची मान वर जायची.

"आई, छताकडे काय बघतेस?" लेकीनं एकदा विचारलं.

"तो काय बघतोय, ते बघतेय."

लेक चरकली. दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन कंपनीत गेली. तिथली अधिकारी मुलगी गोड बोलणारी होती. तिनं पाणी दिलं, खुर्ची पुढं ओढली.

"काकू, तुमचं दुःख मला कळतं. पण संघटनेत येताना फोटोचे हक्क देणारी सही तुमच्या मुलानंच केली होती."

"खेळायला सही केली होती त्यानं," बाई म्हणाल्या. "मरायला नाही. त्याचा हसरा फोटो छापा ना."

"हसरे सगळ्यांचेच असतात, काकू."

"मग छापखानेवाल्या काकांना तरी तो छापू द्या."

"तेवढंच तर करता येत नाही." मुलीला खरंच वाईट वाटत असावं, तिनं नजर खाली घेतली. "करारात 'एकमेव' असा शब्द आहे."

काकांनी आणखी दोघा छापखानेवाल्यांबरोबर मक्तेदारीविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली होती. पण त्यांनी धंद्याचं बोलायला तोंड उघडलं, की समोरचे म्हणत, हरलेल्यांचं हे रडगाणंच आहे. म्हणून काका बाईंकडे आले. "वहिनी, साक्षीला याल? जमत नसेल तर राहू द्या."

बाई गेल्या. कंपनीच्या वकिलानं दोन कार्डं त्यांच्यापुढं ठेवली, एक काकांचं, एक कंपनीचं.

"दोन्ही आपलेच चिरंजीव ना?"

त्या शब्दावर मागं कुणीतरी खाकरलं. बाईंनी मान हलवली.

"दुकानदार सांगतात, लोकांच्या मनात आमचंच कार्ड बसलंय. तुम्हीही खरं सांगा. डोळे मिटल्यावर यातला कोणता चेहरा दिसतो?"

बाईंनी डोळे मिटले. हसरा म्हणून सांगायचं, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. ओले केस आले. कपाळ आलं. त्याच्या खाली ते अर्धवट उघडं तोंड आलं. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी बोट पुढं केलं ते कंपनीच्या कार्डावर.

मागच्या बाकावर काकांनी डोक्याला हात लावला.

"म्हणजे आठवण आमच्याच कार्डानं जपली," वकील म्हणाला. "मला एवढंच दाखवायचं होतं."

"दुसरं काही दिसतच नाही हो," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तान्हा होता, शाळेत गेला, माझ्याशी भांडला, तापानं फणफणला. यातलं काहीच येत नाही. त्या एका क्षणाएवढाच उरलाय. बाकीचा पोरगा कुणी नेला माझा?"

खालमानेनं लिहीत बसलेल्या अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. वकिलाचा डाव त्याच्याच अंगाशी आला होता, पण हे त्याला निकालाच्या दिवशी कळलं. जिवंत खेळाडूंचा करार आयोगानं तसाच ठेवला. मेलेल्यांचे चेहरे मात्र घरच्यांनी सांगितलं तर दुसऱ्यालाही छापता येतील, असं ठरलं. कंपनीचं कार्ड बंद झालं नाही. ते होणारही नव्हतं.

काकांनी कार्डं छापायच्या जुन्या यंत्राची धूळ पुसली. पहिला ताव निघाला तेव्हा त्यांनी बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. ओळीनं हसरे चेहरे, शाई अजून ओली.

"हाच ना, वहिनी?" काका लहान मुलासारखे खूश होते.

बाईंनी ताव उजेडाकडे नेला. बराच वेळ पाहिला. परक्या घरच्या समारंभातले फोटो पाहावेत, तसा.

"चेहरेपट्टी आमच्याकडचीच आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी यंत्र बंद केलं. आवाज थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटू लागली. बाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"तुमच्याकडे तो यायचा ना नेहमी? सांगा ना, कसा होता?"

काकांनी हातावरची शाई पुसली. मग ते सांगू लागले. इथं येऊन कात्रणांच्या ढिगावर आडवा व्हायचा. "काका, मला थोडा उंच छापा," म्हणायचा. एकदा शाईचा पंजा भिंतीवर उमटवला आणि विचारल्यावर माझंच नाव पुढं केलं.

"असं केलं त्यानं?"

"अहो, तुम्हीच तर कान उपटला होतात त्याचा. याच दारात."

"हो का," बाई म्हणाल्या, आणि परगावी गेलेल्या कुणाच्या तरी पोराची खुशाली ऐकावी तशा, मान डोलावत ऐकत राहिल्या.