गरम पाण्याने धुतलेली सायकल

म्हातारा तीन दिवस सुनेशी बोलला नव्हता. बोलला नव्हता म्हणजे काय, तोंडाला कुलूपच. चहा समोर आला की प्यायचा, कप स्वतः विसळून ठेवायचा आणि खिडकीतून रस्त्याकडे असा बघत बसायचा, जणू त्या रस्त्यानेच त्याचं घोडं मारलंय.

भांडण सायकलवरून होतं. सून नर्स. तिचा दवाखाना खिंडीच्या पलीकडच्या गावात, कामावर हजर व्हायचं साडेआठला, आणि पहिली बस तिथे पोचायची दहाला. म्हणून ती सायकलने जायची. घरापासून खिंडीपर्यंत पाऊण तास नुसता चढ, मग पलीकडे पंधरा-वीस मिनिटांचा उतार. उन्हाळ्यात बारीक टायरची सायकल, हिवाळ्यात जाड खाचांच्या टायरची. तिचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, बोटीवर नोकरीला. सहा-सहा महिने घराचं तोंड बघायचा नाही. घरात माणसं उरली दोन, आणि त्या दोघांत हा अबोला.

म्हातारा एके काळचा बस ड्रायव्हर. याच घाटात एकतीस वर्षं बस चालवलेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आजूबाजूचे त्याला अजून ड्रायव्हरच म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. घाटातला दगड न् दगड आपल्याला ओळखतो, असं तो म्हणायचा. त्यामुळे घाटाबद्दल त्याचं मत कुणी मागो न मागो, मिळायचंच.

"या थंडीत घाटात सायकल म्हणजे जिवाशी खेळ आहे," तो त्या दिवशी म्हणाला होता.

"मी काय शर्यत लावते का, बाबा? सावकाश जाते."

"सावकाश! बर्फाला काय कळतं सावकाश? खिंडीखालच्या तिसऱ्या वळणावर दुपारपर्यंत ऊन पडत नाही. वरून नुसता ओला दिसतो रस्ता, आणि असतो नुसती काच. मी स्वतः तिथे बस थांबवून दोन सायकलवाले उचललेत. एकाचा पाय कायमचा गेला."

"तिथे मी उतरून चालत जाते."

"आणि वाऱ्याने ढकललं तर? समोरून ट्रक आला तर? जा की दहाच्या बसने. दवाखाना पळून जातोय का?"

"साडेआठला माणसं दारात उभी असतात. जखमा बांधून घ्यायला येतात, बाबा. त्यांना थंडीत ताटकळत ठेवू?" असं म्हणून ती थोडं थांबली, आणि मग खरं काय ते बोलली. "आणि दिवसभरात तो एक तास माझा असतो. बाकी सगळा दिवस दुसऱ्यांचा."

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण ड्रायव्हर म्हणाला, "मग मी मेल्यावर कर काय करायचंय ते!" आणि दार आपटून खोलीत गेला. संपलं. तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज.

चौथा दिवस तिच्या सुट्टीचा. दुपारी ती जेवून जरा आडवी झाली होती. म्हातारा मागच्या दाराने बाहेर आला, तर भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. काय तिची दशा! साखळीत चिखल, चाकांवर रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा थर, ब्रेकपाशी काळा राडा. त्याला कसंसंच झालं. गाडी कुणाचीही असो, अशी ठेवतात का? आणि ही बिचारी तरी कधी धुणार? संध्याकाळी अंधारात येते, सकाळी अंधारात निघायची तयारी करते.

आता, माफी मागणं हे ड्रायव्हरच्या रक्तातच नव्हतं. बायको होती तेव्हाही नव्हतं. भांडण झालं की तो तिची शिलाई मशीन उघडून तेल घालून द्यायचा, आणि ती बिचारी समजून घ्यायची. तेव्हा त्याने बाह्या सरसावल्या. किटलीभर पाणी उकळलं, बादलीत गार पाण्यात मिसळलं, आणि डेपोत बस धुवायचे तशी सायकल धुतली. वरून, खालून, आतून. मीठ लोखंड खातं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ब्रेकच्या तारांवर, त्यांच्या नळ्यांच्या तोंडांवर त्याने दोन-दोन तांबे जास्तच ओतले. मग स्वतःचा जुना लोकरी शर्ट घेऊन पुसली. आणि बाहेर थंडीत नको म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आतल्या बोळात ठेवली. तिथे शेगडीची ऊब यायची. रात्रभरात वाळेल, असा त्याचा हिशेब.

सकाळी सून बोळात आली आणि थबकली. सायकल लखलखत होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं. सासरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला, तेही कालचं.  तिने नेहमीसारखे दोन्ही ब्रेक दोनदा दाबून पाहिले, हातमोजे चढवले, डोक्यावर हेल्मेट.

"येते हं, बाबा."

"हूं," म्हातारा म्हणाला.

त्या एका 'हूं'वर तो इतका खूश झाला की त्याला घरात बसवेना. सात वाजता ती गेली, सव्वासातला हा कानटोपी घालून बाहेर. रस्त्याच्या कोपऱ्यावर पान्याचं दुकान. पान्या म्हणजे सायकल दुरुस्तीवाला, ड्रायव्हरचा जुना दोस्त. खिशात कायम एक पाना असायचा, लग्नालासुद्धा, म्हणून हे नाव पडलेलं. दुकानामागेच राहायचा. नुकतंच शटर उघडून तो हात चोळत उभा होता. समोरच त्याचा पिकअप, सायकली वाहून न्यायचा.

"अबोला सुटला बरं का," ड्रायव्हर म्हणाला.

"सुटला? तू माफी मागितलीस?" पान्याने डोळे मोठे केले.

"छे! सायकल धुऊन दिली. अशी धुतली की तुझ्या दुकानातसुद्धा कुणी धुणार नाही. गरम पाण्याने."

पान्याचे हात चोळायचे थांबले. "कधी?"

"काल दुपारी."

"ब्रेकच्या तारांवर पाणी घातलंस?"

"घातलं म्हणजे? दणकून घातलं. मीठ किती होतं!"

"आणि रात्री ठेवलीस कुठे?"

"आत. उबेला."

"अरे देवा," पान्या म्हणाला आणि आत किल्ली आणायला पळाला. पळता पळताच ओरडून सांगत होता. नळीत शिरलेलं पाणी पुसल्याने निघत नाही. उबेत ते पाणीच राहिलं, म्हणून घरी ब्रेक लागले असतील. आता बाहेर शून्याखाली सहा. चढावर पाऊण तास कुणी ब्रेकला हात लावत नाही. तेवढ्यात आतल्या आत गोठतं. "आणि उतारावर दाबायला जावं, तर तार जागची हलत नाही! तू बसवाला ना, तुझे ब्रेक हवेचे. तुला कुठून कळणार?"

 ड्रायव्हरला पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्याने फोन लावला. वाजत राहिला. सायकल चालवताना ती फोन पाठीवरच्या पिशवीत तळाला ठेवायची, हे त्यालाही माहीत होतं, तरी तो लावत राहिला.

पिकअप घाटाला लागला. साडेसात वाजले होते. ती पावणेआठला खिंडीत पोचणार.

"दाब ना जरा!" ड्रायव्हर म्हणाला.

पान्याने दाबला. पहिल्याच पुलावर मागची चाकं सरकली, गाडी तिरपी झाली, आणि कशीबशी सावरली.

"नको, नको," ड्रायव्हर म्हणाला. "पुलावर खालूनही गार असतं. हळू घे." आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर पुन्हा, "अरे, आता तर दाब!" एकतीस वर्षं त्याने घाई करणाऱ्या प्रवाशांना झापलं होतं. आज स्वतःच घायकुतीला आला होता. त्याचा उजवा पाय रिकाम्या जागी सारखा खाली दाबत होता आणि ओठ पुटपुटत होते. देवाचं नाव नव्हतं ते. तो वळणं मोजत होता. पहिलं वळण उघडं, तिथे जमेल. दुसरं लांब, तिथे वेग येईल. तिसरं... तिसऱ्याच्या पुढे तो जाईना.

खिंडीत कुणी नव्हतं. पाटीजवळ पान्याने गाडी थांबवली आणि दोघं उतरले. इथून खाली दोन वाटा. एक पक्का रस्ता, दुसरी झाडीतून उतरणारी पायवाट, मुळांची आणि दगडांची. बर्फ भुसभुशीत असला की ती पायवाटेने जायची, कडक असला की रस्त्याने. रात्रीच्या दवाची पांढरी साय पडली होती, आणि तिच्यावर जाड टायरची एकच ताजी रेघ होती. रस्त्याकडे गेलेली. दोघं पुन्हा गाडीत चढले आणि रेघेमागे निघाले.

पहिल्या वळणावर रेघ सरळ होती. दुसऱ्यानंतर ती डगमगायला लागली. जागोजागी बाजूला बुटाच्या टाचेने खरवडल्याच्या खुणा होत्या. पोरीने पायाने थांबवायचा प्रयत्न केला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्याने त्या पुसल्याही नाहीत.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे रेघ डावीकडे दरीच्या बाजूला गेली नव्हती. उजवीकडे, कड्याला लावून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात शिरली होती. ढिगात सायकलचं मागचं चाक वर आलेलं, आणि त्याच्या शेजारी रस्त्यावर ती बसली होती. हेल्मेटला चीर. उजवा हात मांडीवर धरलेला, मनगट टम्म सुजलेलं. पण बसली होती. डोळे उघडे होते.

ड्रायव्हर गाडी थांबायच्या आधीच उतरला, घसरला, गुडघ्यावर आपटला आणि तसाच रांगत तिच्याजवळ गेला. "पोरी," एवढंच त्याला म्हणता आलं.

"तुम्ही कसे आलात इथे?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रडायला लागली. या घरात आल्यापासून ती त्याच्यासमोर कधी रडली नव्हती. "बाबा, मला ब्रेकच दाबता आले नाहीत. बोटांत जोरच आला नाही. बधिर झाली असतील, मला कळलंसुद्धा नाही. मी दाबतेय, दाबतेय, आणि काही होतच नाही. याच हातांनी मी लोकांना सुया टोचते. कुणाच्या शिरेत..." तिला पुढे बोलवेना. मग नाक पुसून म्हणाली, "तुमचंच खरं होतं. मला नाही जमत हे. दवाखान्यात सांगते, दहाला येईन म्हणून. सायकल विकून टाका."

पान्या सायकल ओढून काढत होता. त्याने एक ब्रेक दाबून पाहिला, मग दुसरा. दगडासारखे. त्याने मान वर करून ड्रायव्हरकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तो एक शब्द बोलला नाही. बोलणारही नव्हता, आयुष्यभर. एवढी दोस्ती होती.

म्हणजे बघा, म्हाताऱ्याला हवं होतं ते सगळं त्याच्या पुढ्यात आयतं आलं होतं. पोरगी वाचली होती. सायकल सुटणार होती. हिवाळाभर खिडकीत जीव टांगून बसणं संपणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. तीन सेकंद, चार सेकंद तो गप्प बसलाही. तिच्या तळहाताकडे बघत राहिला. ती डाव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती, जणू ती तिची नव्हतीच.

"बोटांना काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"नाही बाबा, मला माहिती..."

"तुला काही माहिती नाही. ऐक. काल मी सायकल धुतली. तारांच्या नळ्यांत पाणी घातलं, गरम. ते इथे येईपर्यंत गोठलं. तू काय, पैलवान असता तरी ब्रेक लागले नसते. विचार याला."

पान्याने मान हलवली.

"मला तुझी समजूत काढायची होती," म्हातारा म्हणाला. "तोंडाने जमेना, म्हणून धुतली. मी तुला मारलंच असतं आज. आणि तू एवढ्या उतारावर, ब्रेक नसताना, वेग अंगावर आलेला असताना, नेमका तो ढीग निवडलास. मी बस चालवताना मला सुचलं नसतं. तुला जमत नाही म्हणू नकोस. मला माफ कर."

  मग तिने डावा हात पान्यापुढे केला, उठली, आणि काहीही न बोलता लंगडत जाऊन पिकअपमध्ये पुढे बसली.

दोघांनी सायकल मागच्या हौद्यात चढवली. पुढे जागा दोघांपुरतीच, फार तर अडीच. ड्रायव्हर मुकाट्याने मागे चढला आणि सायकलीशेजारी लोखंडी पत्र्यावर बसला. वारा कानात सुया टोचत होता. बसू दे, त्याला वाटलं, आपण याच लायकीचे. आता ती बोलली नाही तर तीन दिवस काय, तीन वर्षंही आपण तक्रार करायची नाही. पान्याने इंजिन सुरू केलं. गाडी मात्र हलली नाही.

पुढच्या केबिनची मागची काच करकरत सरकली. सुनेचं तोंड दिसलं, लालबुंद, डोळे सुजलेले.

"बाबा, पुढे या."

"नको, इथे बरा आहे मी. तुझा हात दुखेल दाटीत."

"पुढे या म्हणते ना! मी जागा करते." तिने डाव्या हाताने पिशवी पायाशी सारली. "मला तुमच्यावर ओरडायचंय. दवाखाना येईपर्यंत ओरडणार आहे. मागे बसलात तर ऐकू येणार नाही तुम्हाला."

म्हातारा घाईघाईने खाली उतरला आणि पुढे जाऊन तिच्या डाव्या बाजूला अंग चोरून बसला.