रोझेरची डावी बाजू

मी एक जर्सी बोलतेय. जाड लोकरीची, गर्द हिरवी, पाठीवर पांढऱ्या कापडाचा सातचा आकडा. वजन विचाराल तर कोरडी असताना लहान कोकराएवढी आणि घामानं भिजली की अख्ख्या मेंढीएवढी. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यांच्या अंगावर माझं आयुष्य गेलं.

क्वेबेकच्या उत्तरेला, नदीच्या वळणावर, कागदाच्या गिरणीचं सँत-ओडिल नावाचं गाव होतं. तिथं रोझेर बेलफॉय नावाचा बचावपटू, त्याची बायको फर्नांद आणि फर्नांदचा धाकटा भाऊ ओव्हिला अशी तिघं एका छपराखाली राहत होती. छप्पर गिरणीचं होतं. दुसरं महायुद्ध संपून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

रोझेरच्या आधी मला दुसऱ्याच एकानं घातलं होतं. थोराड, लाल मिशांचा गडी. त्याचा गुडघा गेला. वसंतात मैदानाचा बर्फ वितळला की सगळ्या जर्सी टेबलावर जमा करायच्या आणि शरदात ज्याला ठेवायचं त्याच्याच हातात परत द्यायच्या, अशी आमच्याकडची रीत. त्या शरदात मला न्यायला तो आला नाही. नंतर कळलं, मला टेबलावर ठेवलं त्याच आठवड्यात त्याची चूल, पलंग आणि तीन पोरं एका ट्रकवर चढली होती. गिरणी खेळाडूंना दिवसा काम द्यायची, राहायला घर द्यायची, आणि शनिवार-रविवारी त्यांच्याकडून हॉकी खेळून घ्यायची. खेळ सुटला की काम सुटायचं आणि घरही सुटायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बायका लग्नाआधी विचारून घ्यायच्या.

मग मी रोझेरकडे आले. माणूस उंच, बोलायला कमी. गिरणीत तो ओंडके सोलायच्या यंत्रावर असायचा, म्हणून त्याच्या हातांना कायम देवदाराच्या डिंकाचा वास. गोल मारण्यात त्याला रस नव्हता. समोरचा चकती घेऊन सुसाट आला की हा मागे मागे सरकत त्याला मैदानाच्या कडेच्या फळ्यांकडे रेटत न्यायचा आणि तिथं भिंतीशी दाबून टाकायचा. चकती म्हणजे गोठवलेलं टणक रबर, तिच्यापुढे हा सरळ आडवा पडायचा. माझ्या बरगडीशी किती भोकं पडली, फर्नांदनं किती रफू केली, त्याचा हिशेब नाही.

"भोक कुठं पडलंय ते जर्सी दाखवते," ती म्हणायची. "आत काय झालंय ते हा बाबा दाखवेल तर शपथ."

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत एका झटापटीत कुणाच्या तरी काठीचं पातं रोझेरच्या डाव्या डोळ्यात गेलं. रक्त फार आलं नाही. त्यानं डोळ्यावर बर्फ धरला आणि उरलेला खेळ खेळून काढला. पुढच्या आठवड्यात लांबच्या शहरातल्या डॉक्टरांना दाखवून नवरा-बायको परत आली. मी चुलीवरच्या दोरीवर वाळत होते. टोपी न काढताच तो खुर्चीवर बसला.

फर्नांदनं त्याचा उजवा डोळा तळव्यानं झाकला. "मी दिसते का?"

"खिडकीचा उजेड दिसतो."

"आणि मी?"

"तू खिडकीच्या आड आलीस की अंधार होतो. त्यावरून कळतं."

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. एका डोळ्याच्या माणसाला खेळवायचं नाही असा आमच्या लीगचा नियम होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. त्या दिवसापासून मला त्याच्या छातीचे ठोके वेगळे लागायला लागले.

तोवर रोझेर उजव्या बाजूनं खेळायचा. त्यानं संघाचे व्यवस्थापक मस्यू कुर्सोल यांच्याकडून डावी बाजू मागून घेतली. गिरणीत माणसं ठेवणारे-काढणारेही तेच. त्यांना कारण सांगितलं, खांदा दुखतो. खरी गोम वेगळी होती. डावीकडे उभं राहिलं की आंधळ्या बाजूला फळ्यांची भिंत येते आणि सगळं मैदान चांगल्या डोळ्यापुढे पडतं. समोरून येणारा कुणीही त्याला दिसायचा. अडचण व्हायची ती चकती कोपऱ्यात गेली आणि ती आणायला पाठ फिरवावी लागली की. मग भिंत उजवीकडे यायची आणि मैदानाची बाजू अंधारात जायची. तिथून कोण येतंय, त्याला काही कळायचं नाही.

ओव्हिला आमच्या संघाचा गोली, म्हणजे गोल राखणारा. बुटका, बडबड्या, तोंडावर ना जाळी ना मुखवटा. तेव्हा कुणीच घालत नसे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तिघं वाटाण्याचं सूप खात बसली होती, आणि हा रोझेरच्या डाव्या हाताशी मीठ सरकवत होता. रोझेर टेबलभर मीठ शोधत राहिला.

"दाजी," ओव्हिला म्हणाला, "मीठ तुमच्या कोपराला चावायला आलंय."

फर्नांदनं चमचा खाली ठेवला.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"चार आठवडे."

"आणि मी मागे उभा राहून शिव्या घालतोय, हा माणूस मान का वळवत नाही म्हणून." त्यानं सूप संपवलं, बशी पावानं पुसली. "ओरडलो तर त्या लोकांनाही कळेल. मी गोलाच्या खांबावर काठी ठोकत जाईन. एक ठोका म्हणजे डावीकडून माणूस आलाय. दोन ठोके म्हणजे मोकळं आहे, सावकाश वळा."

"पकडले गेलो तर तुझंही जाईल," रोझेर म्हणाला.

"माझं काय जायचंय? राहतो तुमच्याच माळ्यावर. ताई मला फुकट जेवू घालते म्हणून सारं गाव हसतं. एवढं तरी करू द्या."

दोन हिवाळे असे निघाले. ठण्ण, एकदा, की माझ्या आतला माणूस खांदा आवळायचा आणि अंगावर येणारा स्वतःच आपटून पडायचा. ठण्ण ठण्ण, की तो निवांत वळायचा. लोक म्हणायचे, बेलफॉयला पाठीला डोळे आहेत. फर्नांद हे ऐकून मान खाली घालायची.

डोळा गेल्यापासूनच्या तिसऱ्या मार्चमध्ये शेवटचा सामना आमच्या गावात झाला. समोर वरच्या खाणीच्या गावचा संघ. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. आमच्याकडे गिरणीतले निवृत्त म्हातारे गोलामागच्या कठड्याला रेलून उभे राहत. प्रत्येकाच्या खिशात पाना. आनंद झाला की कठड्याच्या लोखंडी नळीवर पाना वाजवायचा, ही त्यांची जुनी खोड. पण शेवटच्या मिनिटात कुणी वाजवत नसे, अपशकुन मानत. त्या दिवशी बारा वर्षांनी करंडक समोर दिसत होता. एकाला राहवलं नाही.

चकती कोपऱ्यात गेली होती. रोझेर ती आणायला वळला. ओव्हिलानं एक ठोका दिला. त्याच घटकेला म्हाताऱ्याचा पाना नळीवर पडला. रोझेरला दोन ऐकू आले.

तो सावकाश वळला.

डावीकडच्या अंधारातून खाणीवाला आला, चकती रोझेरच्या काठीवरून उचलून नेली आणि चार हातांवरून मारली. ओव्हिलाला हात वर करायला वेळ नव्हता. त्यानं तोंड मध्ये घातलं.

गोल झाला नाही. आम्ही जिंकलो. लोक फळ्यांवरून उड्या मारून बर्फावर आले, आणि रोझेर बर्फावर बसून ओव्हिलाचं डोकं माझ्यावर दाबून धरत होता. रक्त गरम होतं. माझ्या लोकरीत ते आतपर्यंत गेलं.

ओव्हिलाच्या गालाचं हाड आणि जबडा, दोन्ही मोडली. डॉक्टरांनी दात तारेनं बांधले. फर्नांद त्याला नळीनं सूप पाजायची. त्याला बोलता येत नव्हतं, आणि गाव मात्र बोलत होतं. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, गिरणीच्या फाटकात एकच: गोलीनं ओरडायला नको होतं का? मागे माणूस आहे एवढं सांगता येऊ नये? बेलफॉय बिचारा काय करणार.

ओव्हिला हे ऐकायचा. पाटीवर लिहून दाखवता आलं असतं. त्यानं लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये जर्सी जमा करायचा दिवस आला. मस्यू कुर्सोल यादी घेऊन टेबलाशी बसले होते.

"सात. बेलफॉय, तुझं पक्कं. पुढच्या वर्षी कप्तान तू."

रोझेरनं मला टेबलावर ठेवलं, पण हात काढला नाही. "आणि ओव्हिला?"

"त्याचं तोंड बघितलंस ना? आणि खरं सांगू, चूक त्याचीच. ओरडला असता तर आज धडधाकट असता."

रोझेरची बोटं माझ्यात रुतली. ती बोटं मी ओळखत होते. त्यांच्यामागे घर होतं, फर्नांदची चूल होती, गिरणीतली जागा होती.

"त्यानं सांगितलं होतं," तो म्हणाला. "खांबावर ठोकून सांगतो तो मला. माझा डावा डोळा गेलाय, साहेब. दोन वर्षं झाली."

कुर्सोल यांनी यादी उलटी ठेवली. "हे मला कशाला सांगितलंस? मला माहीत नसतं तर चाललं असतं की."

"त्याला बोलता येत नाही, म्हणून सांगितलं."

"आता मला माहीत झालंय," कुर्सोल म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यांनी मला पुढे सरकवलं. "ही घेऊन जा. हे डाग अंगावर कोण मिरवणार?"

तिघांनी पंधरा दिवसांत घर सोडलं. निघायच्या सकाळी फर्नांदनं गुडघ्यांवर बसून सगळी जमीन घासली. "येणारी म्हणायला नको, घाणेरडी बाई होती," ती म्हणाली. मला पेटीत, उशांच्या खाली घातलं.

पुढची चार वर्षं मी पेटीतूनच ऐकली. फर्नांदच्या माहेरी, दोन खोल्यांत आठ माणसं. रोझेर हिवाळाभर जंगलात लाकूडतोडीला. ओव्हिलाची हाडं वाकडी जुळली. तो बोलायचा तेव्हा शब्द तोंडातच अडकायचे, आणि लोक दोनदा विचारायचे, म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं. एकेकाळी त्याची बडबड थांबवायला ताई त्याच्या तोंडात पाव कोंबायची. आता तीच त्याला काही ना काही विचारत राहायची, उत्तर यावं म्हणून. रोझेर जंगलातून आला की दोघं पुरुष चुलीशी गप्प बसत. माफी मागितली गेली की नाही, मला ठाऊक नाही. पेटीचं झाकण जाड होतं.

मग त्या गावच्या पाद्रीबाबांच्या मनात आलं की चर्चशेजारी बर्फाचं मैदान हवं. बर्फ धरणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. थरावर थर, पातळ, वारा बघून. इतके हिवाळे बर्फावर काढून हे जाणणारा माणूस गावात एकच.

"एका डोळ्यानं तुला बर्फ सपाट आहे की नाही ते कळेल का रे?" त्यांनी विचारलं.

"गुडघे टेकून हात फिरवला की कळतं," रोझेर म्हणाला.

"मग गुडघे टेकायला मीच तुला शिकवलं असं सांगेन सगळ्यांना."

मैदानाच्या कडेला गावानं जागा दिली. सहा शनिवार गावचे पुरुष हातोडे घेऊन आले आणि घर उभं राहिलं. जागेचा कागद पाद्रीबाबांनी फर्नांदच्या नावानं करून दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो घडी करून साखरेच्या डब्यात ठेवला आणि दिवसभर डबा उघडून बघत राहिली. ओव्हिला गावच्या पोरांना गोल राखायला शिकवू लागला. पोरांना त्याचं बोलणं पहिल्या दिवसापासून समजलं. का, ते देव जाणे.

थंडी कडाडली की त्याचं मोडलेलं हाड ठणकतं. म्हणून परवा फर्नांदनं मला पेटीतून काढलं, उन्हात झटकलं, सातचा आकडा टाका टाका उसवून काढला आणि माझी बाही उलगडायला घेतली. माझ्या दोन्ही बाह्या आता मफलर झाल्यात, ओव्हिलाच्या गालापर्यंत येणारा. समोरची बाजूही निम्मी उसवली. डागाची लोकर तिनं वेगळी ठेवली नाही. सगळी एकत्रच गुंडाळली.

मला दुखत नाही हो. लोकर आहे मी, सुटायचं मला ठाऊक असतं. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मैदानावर एखादा चुकला तर लगेच कठड्यावरून निकाल देऊ नका. त्याला काय ऐकू आलं आणि काय दिसलं नाही, ते एकदा विचारा.

आज रविवार. फर्नांद कुट्टूच्या पिठाची धिरडी करतेय, वर काकवी. रोझेर सकाळचा थर देऊन आत आलाय आणि मिशांवरचा बर्फ झटकतोय. ओव्हिला त्याच्या डावीकडे येऊन बसलाय, मफलर अजून गळ्यातच, आणि तिसऱ्या धिरड्यासाठी ताईशी भांडतोय. इतकं बोलतोय की दोघं नवरा-बायको खायची थांबून नुसती ऐकत बसलीत.